पाटावरची सही

थांबा, आधी तुम्हाला हुंगून घेतो. झालं. आता ऐका. मी सायबा, तळेऱ्याच्या तिठ्यावर हार्डवेअरचं दुकान असलेल्या दत्तप्रसादांच्या घरचा लॅब्राडोर. अंगाने भरलेला, रंगाने तुपासारखा, अकलेने यथातथाच. गावात माझं नाव झालं ते माझ्या सह्यांमुळे. त्या मी मागचा पाय उचलून करत असे, आणि घरातच करत असे.

माझा जन्म घाटावरच्या एका शेडमधला. पिल्लं विकणं हा तिथला धंदा. माझी आई एका वेतातून सावरते न सावरते तोच दुसरं वेत पोटात असायचं. उठताना ती आधी पुढचे पाय रोवायची आणि मग मागचा भाग ओढत वर घ्यायची. मला वाटायचं, लॅब्राडोर असेच उठतात. मला न्यायला आलेल्या दत्तप्रसादांनी माझे डोळे बघितले, कान बघितले, पंजे केवढे आहेत ते बघितलं. आईकडे त्यांनी बघितलंही नाही. दूध पुरतं तुटलं नव्हतं तेव्हा टाइल्सच्या खोक्यात बसून मी घाट उतरलो. घरात त्यांना सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

वयात आलो आणि मला अक्षरओळख झाली. सोफ्याच्या पायावर सही, फ्रिजवर सही, कपाटावर, दारातल्या सिमेंटच्या पोत्यावर. फार नाही, चार थेंब. माझी समजूत अशी की घर माझ्या नावावर होतंय. इतरांची समजूत अशी की घराला वास येतोय. बाबा त्यावर फिनेल ओतायचे. फिनेलने माणसाचं समाधान होतं. मला मात्र खालचा मजकूर वाचता यायचा, आणि तो पुसट झालेला दिसला की पुन्हा ठळक करणं मी माझं कर्तव्य मानायचो. दुपारच्या सहीबद्दल संध्याकाळी वर्तमानपत्राची गुंडाळी पाठीत बसायची. त्यातून मी एवढंच शिकलो की वर्तमानपत्र वाईट.

बाबांची मुलगी संचिता कॉलेज संपवून घरी आली आणि पहिल्याच दिवशी तिचा पाय माझ्या सहीवर पडला.

"बाबानू, ह्याचा ऑपरेशन करून घेवया."

"मर्द कुत्रो आसा तो. मुततलो नाय तर काय आरती म्हणतलो?"

"मगे मर्दाचा मूत तुमीच पुसा."

"ताका कापूक मी देवचंय नाय. वंश वाढाक होयो ताचो."

मी मधे बसून छाती काढली. वंश म्हणजे काय ते कळलं नाही, पण शब्द वजनदार वाटला.

त्या वंशासाठी नांदगावचे जितेंद्र आले. त्यांच्याकडे सोनी नावाची लॅब्राडोर होती, आणि ती माजावर यायच्या बेतात होती. बाबांनी तर तिठ्यावरच्या निम्म्या दुकानदारांना पिल्लं कबूल करून टाकली होती. सोनीला मात्र कोणी विचारलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी नाही म्हटलं नसतं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. चतुर्थीच्या आधी घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पोचवायचा. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. तो पाट धुऊन ओटीवर भिंतीला टेकून ठेवला होता. जितेंद्रांनी आपली पिशवी नेमकी त्याला टेकवली. पिशवीला सोनीचा वास होता. ते पिशवी घेऊन उठले, पण वास पाटावरच राहिला. मी आयुष्यातली सगळ्यात सुंदर सही केली. बाबांच्या डोळ्यांदेखत.

काकू, म्हणजे संचिताची आई, पाट उचलून विहिरीकडे गेली. पाट घासला, उन्हात ठेवला, वर गोमूत्र शिंपडलं. त्यावर मी काही मत दिलं नाही.

बाबा जितेंद्रांना म्हणाले, "घेवन जा ह्याका. कायमचो. माज्या घरात नको."

माझी छाती आत गेली.

"नेवंदे," संचिता म्हणाली. "पण आधी ताच्या कमरेचो एक्स-रे काढूया. लॅब्राडोरांची कंबर खराब आसता म्हणतत. सांधे बरे इले तर मी तोंड बंद ठेवतलय. तुमच्या पयलवानाक भियाची गरज काय?"

बाबांना असं डिवचलं की ते काहीही कबूल करतात. "काढ. तुजीच जिरतली."

डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, मी पेंगलो, फोटो निघाला. पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसतच नाही. दोन्हीकडे. हे बहुतेक आईबापांकडून येतं. याची पिल्लं काढू नका."

"म्हणजे ह्याका दुखता?"

"दुखतं. उठताना मागचा भाग ओढतो ना?"

बाबांना आठवेना. कुत्रा उठतो कसा, हे बघायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. पैज जिंकलेली संचिता माझे कान चोळत बसली. बाहेर येऊन बाबांनी फोन लावला.

"जितेंद्रा, सोनीसाठी दुसरो कुत्रो बघ. नाय, ह्याचा काय चुकला नाय. माका आधी बघूक होया होता. आणि सायबा खंय जाणा नाय. माज्याकडेच ऱ्हवतलो."

तिठ्यावर त्यानंतर कोण काय बोललं ते मी सांगणार नाही. बाबांनी दुकानात बसून ते ऐकून घेतलं, एवढं पुरे.

पुढे माझं ऑपरेशन झालं, संचिता पहिल्या दिवशी म्हणाली होती तेच. जखम चाटू नये म्हणून गळ्यात अडकवलेला भोंगा घेऊन मी दारांना धडकत फिरलो. तुम्हाला वाटेल, सह्या त्या दिवशी थांबल्या. छे. हाडात मुरलेली सवय. मग काकूने बाबांच्या जुन्या पंच्याचा पट्टा शिवून माझ्या पोटाला बांधला. फिनेल गेलं, वास मुळापासून घालवणारं औषध आलं. बाहेर पाय उचलला की संचिता शाबासकी देते. बाहेरच्या माडाला मी एवढं खत घातलंय की त्याने माझं नाव लावायला हरकत नाही. आता घरात क्वचितच चूक होते. पंचा सुटला त्या दिवशी मीच माडाखाली नेऊन पुरला. वजन उतरवलंय, गुळगुळीत लादीवर चटया आल्यात. रुबाब गेला, भूक शिल्लक आहे.

चतुर्थीला गणपती त्याच पाटावरून आला. बाबांनी गाऱ्हाणं घातलं. दुकान, शेत, लेकीची नोकरी, सगळं मागून झालं. मग म्हणाले, "आणि बा महाराजा, ह्या घरात एक चार पायांचो आसा. ताच्या कमरेत बळ दी रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

आपलं नाव निघालं असं वाटून मी उठायला गेलो. पुढचे पाय रोवले. मागचा भाग येईना. तेव्हा देवापुढून उठून बाबांनी माझ्या पोटाखाली हात घातला आणि मला अलगद वर घेतलं.

म्हणून जाता जाता एक मागणं. तुम्ही कधी पिल्लू आणायला गेलात तर ते गोंडस दिसेलच, मीही दिसत होतो. डोळे, कान, पंजे नंतर बघा. आधी त्याची आई कुठे आहे ते विचारा. तिला हाक मारा, आणि ती उठते कशी ते बघा.