हॉलच्या मागची गाडी

आर्डिथ बाउसमाने नवऱ्याच्या टपाली मताचं पाकीट स्वतःच्या हाताने टाउन हॉलच्या पेटीत टाकलं होतं, तरी ते अडकलं. भावाचा मुलगा हर्म फोनवर बोट फिरवत बसला होता, त्यानेच तिला दाखवलं. तिचं पाकीट स्वीकारलं गेलं होतं आणि गेरिटचं थांबवलं होतं. का थांबवलं, ते तिथे लिहिलेलं नव्हतं, पण हर्मला कारण विचारायची गरजच वाटली नाही.

"का म्हणजे काय, आत्या? काका कुणाला मत देतात हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. फेनाला नसेल का?"

फेना म्हणजे गावाची क्लार्क. कुत्र्यांचे परवाने, कबरस्तानातल्या जागा आणि निवडणुका, हे सगळं वर्षानुवर्षं तिच्याच टेबलावरून जायचं. निवडून यायची ती आर्डिथच्याच पक्षाकडून. पण या खेपेला गल्लीत प्रत्येकाच्या अंगणात कुणा ना कुणा उमेदवाराची पाटी उभी असताना फेनाच्या अंगणात नुसतं गवत होतं. ती म्हणायची, मोजणाऱ्याने पाटी लावू नये. ज्याच्या अंगणात पाटी नाही त्याच्या मनात काय असेल कोण जाणे, असं लोक म्हणायचे. आर्डिथ चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसायची. प्रवचन लांबलं की फेना पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढायची आणि एक आर्डिथच्या हातावर ठेवायची. हल्ली ती गोळी घेतानासुद्धा आर्डिथ तिच्या तोंडाकडे बघायची.

गेरिटने आयुष्यात एकही निवडणूक चुकवली नव्हती. गोठा जळाला त्या दिवशीही अंगाला धुराचा वास घेऊन तो रांगेत उभा राहिला होता. वसंतात त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलण्यातले चार-दोन शब्द काय ते उरले. तेव्हापासून तो तळ्याकाठच्या शुश्रूषागृहात होता. मतपत्रिका आली तेव्हा त्याने डाव्या हाताने एकेक गोल भरला. कागद सरकू नये म्हणून आर्डिथने तो धरून ठेवला होता. सगळी दुपार त्यात गेली. सही करून झाल्यावर तो हसला. झटक्यानंतर तो तोंडभर हसलेला तिने प्रथमच पाहिला. आणि ते पाकीट कुणीतरी मुद्दाम बाजूला टाकलं असेल?

आठवडाभर तिचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती. गावात कुणीच उचलत नव्हतं. निवडणूक जवळ आली की सकाळपासून कुणीतरी मत मागायला, नाहीतर दुसऱ्याच्या नावाने शंख करायला फोन करायचं, आणि त्यातले निम्मे आवाज माणसांचे नसायचेच. मतदान मंगळवारी होतं. आदल्या रविवारी चर्च सुटल्यावर कॉफीच्या टेबलापाशी फेनाने तिला गाठलं.

"आर्डिथ, फोन केले होते मी. गेरिटबद्दल जरा बोलायचं होतं."

"आज रविवार आहे, फेना," आर्डिथ म्हणाली, आणि कप ठेवून चालती झाली.

त्या गावात या एका वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. त्यांचे पणजोबा समुद्रापलीकडून आले ते सेलरीच्या भाजीचं बी आणि रविवार बरोबर घेऊन. रविवारी गवत कापायचं नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, दुकान उघडायचं नाही. अर्थात, घाण्याच्या बैलालासुद्धा कधीतरी पाणी दाखवावंच लागतं. आर्डिथ स्वतः रविवारी तळघराचं दार लावून घेऊन कपडे वाळवायचं यंत्र फिरवायची. गेरिट बंद गोठ्यात ट्रॅक्टरचे बोल्ट पिळायचा. शेजाऱ्याला दिसलं नाही म्हणजे देवालाही दिसलं नाही, असा गावाचा जुना समजुतीचा करार होता.

त्या दुपारी पाहुणे जेवायला होते, म्हणून तिचं गेरिटकडे जाणं झालं नाही. ते गेल्यावर ती भांडी घासायला उभी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाउन हॉलची, म्हणजे फेनाच्या कार्यालयाची, मागची बाजू दिसायची. तिथे, कचऱ्याच्या मोठ्या डब्याच्या आडोशाला, फेनाची निळी गाडी उभी होती.

आर्डिथने नळ बंद केला. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं, फेना बाहेर आली आणि तिच्यामागून एक अनोळखी, सावळा, जाड मिशांचा माणूस. त्याच्या हातात पत्र्याची चपटी पेटी होती. दोघांनी डावीकडे-उजवीकडे बघितलं आणि गाडीत बसून निघून गेले. गावातला एकन् एक माणूस आर्डिथला ठाऊक होता, आणि हा गावातला नव्हता. तिने ओल्या हातानेच फोटो काढला होता. तो हर्मला पाठवून तिने त्याला फोन लावला.

"पुढे एवढी मोकळी जागा असताना गाडी मागे कशाला लावायची?" ती म्हणाली. "कर नाही त्याला डर कशाला?"

हर्मने ते वाक्य जसंच्या तसं फोटोखाली लिहिलं आणि जगाच्या हवाली केलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो अशा लोकांपर्यंत पोचला ज्यांना हे गाव नकाशावरही सापडलं नसतं. पत्र्याच्या एका पेटीच्या चार झाल्या, अनोळखी माणूस सरहद्दीपलीकडून आलेला ठरला. सोमवारी सकाळी हॉलसमोर मोठमोठ्या गाड्या लागल्या होत्या आणि लोक फोन समोर धरून काचेतून आत बघत होते. फेनाला कुणीतरी निरोप ठेवला होता, त्यात तिच्या नातीच्या शाळेचं नाव घेतलं होतं. दुपारी शेरीफचा, म्हणजे जिल्हा पोलिसांचा, माणूस आला, त्याने तिला मागच्या दाराने बाहेर काढून घरी पोचवलं आणि हॉलला कुलूप लावलं. उद्यापुरता जिल्ह्याचा माणूस येऊन मतदान बघणार होता. आर्डिथ हे सगळं खिडकीतून बघत होती. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं.

संध्याकाळी ती गेरिटकडे गेली. तो रविवारचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. बटणं एक घर चुकली होती आणि डाव्या मुठीत पेन घट्ट धरलेलं होतं.

"शर्ट," तो म्हणाला. "चार. शर्ट."

"अहो, आज सोमवार. चर्च काल झालं."

तो मान हलवत राहिला, दाराकडे बोट दाखवत राहिला. आर्डिथला वाटलं, आता डोकंही चाललं. तिने त्याच्या मुठीतून पेन सोडवून घेतलं, शर्ट काढला आणि त्याला स्वेटर घातला. तो विरोध न करता तिच्याकडे बघत राहिला. नंतर गाडीत बसून ती खूप रडली, आणि रडताना तिने फेनाला मनातल्या मनात हवं ते बोलून घेतलं.

मंगळवारी दुपारी तिथली मदतनीस डार्ला कामावर होती. आर्डिथ आत शिरते न शिरते तोच ती म्हणाली, "त्या क्लार्कबाई काल आल्याच नाहीत म्हणे. बिचारे काका चार वाजल्यापासून शर्ट घालून बसले होते."

"कोण क्लार्कबाई?"

मग डार्लाने सांगितलं. रविवारी दुपारी फेना आली होती, बरोबर एक मिशीवाले गृहस्थ होते. काकांची पाकिटावरची सही जुन्या सहीशी जुळत नव्हती, उजव्या हाताची आणि डाव्या हाताची जुळणार कशी? नवीन कागदावर सही घेतली की मत मोजता येणार होतं. ती घेताना दोन्ही पक्षांचा एकेक माणूस समोर लागतो, आणि दुसऱ्या पक्षाचे हे गृहस्थ शाळेची बस चालवतात, त्यांना वेळ रविवारीच. पण त्या दिवशी गेरिट दुखण्याच्या गोळीने गाढ झोपला होता. जागा झाला तेव्हाही पेन धरवेना. सोमवारी चारला येते, असं त्याला दोनदा समजावून फेना गेली होती. मंगळवारी पाचच्या आत तो कागद हॉलमध्ये पोचला नाही तर संपलं.

"तुम्हाला फोन लागत नाही म्हणत होत्या," डार्ला म्हणाली.

रविवारी गाडी मागे का लावतात, हे आर्डिथइतकं कुणाला माहीत होतं? तळघराचं दार तिनेही लावलेलंच होतं. ती तशीच निघाली.

फेनाच्या घराचे पडदे ओढलेले होते. आर्डिथने दार वाजवलं, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"फोन कुठाय तुझा?"

"अगं, मी आहे, आर्डिथ."

"दिसतंय. फोन पायरीवर ठेव. पालथा."

आर्डिथने वाकून फोन पायपुसण्यावर पालथा ठेवला. गुडघ्यात कळ आली. दार साखळीपुरतं उघडलं. फेनाने कालचेच कपडे घातले असावेत.

"माझं चुकलं," आर्डिथ म्हणाली. "मला काय म्हणायचं ते म्हण, हवं तर थोबाडीत मार. पण पाचच्या आत गेरिटची सही घे. तो काल पेन धरून बसला होता गं."

फेनाने साखळी काढली.

"नातीला लपवून ठेवलीय मी बहिणीकडे," ती म्हणाली. "सात वर्षांची आहे ती. हे तुझ्यासाठी करत नाहीये मी, आर्डिथ. गेरिटला शब्द दिला होता."

तिने ट्रेव्हिन्योला फोन केला. तो बस लावून थेट शुश्रूषागृहातच येतो म्हणाला. हाच तो मिशांचा माणूस, नदीपलीकडच्या डबाबंद फळांच्या कारखान्याजवळ जन्मलेला आणि वाढलेला. आर्डिथला त्याने टोपी काढून नमस्कार केला, एवढंच. तिला वर बघवलं नाही.

गेरिटला पुन्हा पांढरा शर्ट चढवला होता, या वेळी बटणं जागच्या जागी होती. त्याने फेनाला बघितलं, ट्रेव्हिन्योला बघितलं आणि डावा हात पुढे केला. ट्रेव्हिन्योने पेन दिलं, फेनाने कागद धरला. आर्डिथला दोघांनी दाराशीच थांबायला सांगितलं, नियम तो नियम. सही व्हायला वेळ लागला, पण झाली. कागद पत्र्याच्या पेटीत गेला. गेरिट हसला.

हॉल तिथून पंधरा मिनिटांवर होता आणि पाच वाजायला अर्धा तास होता. तिघं बाहेर आले तर फेनाच्या गाडीला आडवी, तिच्या मागावर आलेली हर्मची लाल गाडी उभी होती, तिच्यामागे आणखी एक. हर्म फोन समोर धरून उभा होता आणि कुणालातरी सांगत होता की पेटी आहे, माणूस तोच आहे, आत्ता म्हाताऱ्यांच्या घरातून बाहेर पडताहेत.

"हर्म, गाडी काढ," आर्डिथ पुढे होऊन म्हणाली. "काकांचं मत आहे त्यात."

"आत्या, तू बाजूला हो. तुझ्याकडून हे लोक काय करून घेताहेत ते तुला कळत नाहीये."

"मला सगळं कळतंय. फोटो काढला तेव्हा कळत नव्हतं."

"म्हणजे रविवारी खरं बोललीस, की आज खरं बोलतेयस?"

ट्रेव्हिन्यो पेटी पोटाशी धरून जागीच उभा होता. गर्दी जमली असताना आपल्यासारख्याने एक पाऊलसुद्धा पुढे टाकू नये, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. फेनाने शांतपणे सांगितलं की हे निवडणुकीचं काम आहे, पाचच्या आत पोचायला हवं. हर्मने फोन तिच्या तोंडासमोर नेला.

"पोचाल की. शेरीफच्या माणसाला बोलावलंय, त्याच्यासमोर पेटी उघडा. एवढी घाई कशाची? कर नाही त्याला डर कशाला?"

आर्डिथने तोंडावर हात घेतला. मग तिने भाच्याच्या दंडाला धरून हलवलं, त्याच्या आजीची शपथ घातली, शेवटी हात जोडले. तो तिच्यावर चिडला नाही, हेच भयंकर होतं. म्हातारी माणसं फसतात, अशा दयेने तो तिच्याकडे बघत होता, आणि ते सगळं चित्रित होत होतं.

शेरीफचा माणूस आला तो दुसरं कुठलंतरी भांडण मिटवून, उशिराच. त्याने फेनाची विचारपूस केली, पेटी उघडायला लावली. आत एकच कागद होता. त्याने तो वाचला, हर्मला दाखवला आणि गाड्या काढायला सांगितल्या. हर्मने फोन खिशात घातला. आता एक असेल, आधीचे कुठे गेले कुणी बघितलंय, असं काहीतरी तो पुटपुटला आणि आर्डिथच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "आत्या, आम्ही काकांसाठीच तर करतोय हे सगळं."

गाड्या हलल्या. फेनाने घड्याळ पाहिलं आणि पेटीचं झाकण लावलं.

"पाच वाजून गेले," ती म्हणाली. तिने पर्समधून पेपरमिंटची पुडी काढली, एक ट्रेव्हिन्योला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि पुडी परत ठेवली.

आर्डिथने मागे वळून बघितलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत गेरिट बसला होता. पोरं, गाड्या, शेरीफ, एवढी माणसं आपल्या मतासाठी जमलेली बघून त्याचा चेहरा उजळला होता. त्याने डावा हात वर केला. आर्डिथनेही हात वर केला, आणि तो खाली घेईपर्यंत तिने आपला हात खाली घेतला नाही.