पावणेदोनशे

फारुखला आपल्या कानांचा भारी अभिमान. अकोल्याकडच्या एका वीजकेंद्रात टर्बाइनच्या गडगडाटात पंचवीस वर्षं काढूनही आपल्याला पाल चुकचुकलेली ऐकू येते, असं तो चारचौघांत सांगायचा. कंट्रोल रूमच्या फोनवर आलेला आकडा त्याने ऐकून वहीत लिहिला की ती काळ्या दगडावरची रेघ. याच कानांच्या जोरावर दोन वर्षांपूर्वी त्याने पंजाबरावांविरुद्ध साक्ष दिली होती.

तेव्हा युनिटची क्षमता चाचणी होती. युनिट दोनशे मेगावॅटचं. कागदावर दोनशे खरे, पण यंत्र प्रत्यक्षात तेवढा भार उचलतं का, हे कधीतरी मोजून पाहावंच लागतं. चार तास पूर्ण भार धरायचा, दर पंधरा मिनिटांनी मीटरचा आकडा लिहायचा आणि एकदाही एकशे पंच्याण्णवच्या खाली यायचं नाही. आलं, की सगळं मुसळ केरात.

त्या दिवशी कंट्रोल रूममधलं मीटर नेमकं बंद होतं. म्हणून खाली जनरेटरजवळच्या मीटरवरून पंजाबराव आकडा वाचत आणि फोनवर सांगत. आठ नोंदी झकास गेल्या. नवव्या नोंदीला फारुखच्या कानावर आलं, "पावणेदोनशे." तो दचकला. त्याने ओरडून विचारलं, "पावणेदोनशे?" तिकडून पंजाबराव चक्क हसत म्हणाले, "हाव, हाव!" फारुखने १७५ लिहिले. पुढची नोंद पुन्हा दोनशे दोन आली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चौकशीत पंजाबराव एकच सांगत राहिले, "लोड पडलाच नाई. मी असं बोललोच नाई." साहेबांनी फारुखला विचारलं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "माह्या कानानं आयकलं, साहेब. परत इचारलं, तर हसून हाव म्हणाले." झालं. तीस वर्षं त्या यंत्राला पोटच्या पोरासारखं सांभाळणाऱ्या माणसाची रवानगी कोळशाच्या यार्डात झाली, आणि सेवापुस्तकात शेरा पडला: भार राखण्यात हयगय, वर खोटं बोलणं.

यात दुखरी गोष्ट वेगळीच होती. पंजाबराव वलगावचे आणि फारुखची बायको हमिदाही वलगावची. तिच्या वडलांचं शेत आणि पंजाबरावांचा भाजीचा मळा बांधाला बांध लागून. गावचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा पाहुणा, त्यात जातपात, धर्म काही आड येत नाही. पंजाबरावांनी फारुखला कधी नावाने हाक मारली नाही, पाहुणे म्हणूनच मारली. मळ्यातली वांगी आली की पहिली पिशवी पाहुण्याच्या घरी. चौकशीनंतर वांगी बंद झाली, आणि कँटीनमध्ये समोरासमोर आले तर पंजाबराव म्हणत, "फारुखसाहेब, जरा सरकता काय?" त्या 'साहेब'ने फारुखच्या काळजाला घरं पडत. त्यातून घरी हमिदाचं पालुपद सुरूच.

"पंजाबकाका खोटं बोलणारे नाईत. तुमी परत आठवून पाहा."

"मंग मी काय बहिरा हाय काय?" फारुख फणकारायचा. एकदा तर यावरून नवराबायकोत आठवडाभर अबोला होता.

आज पुन्हा चाचणी होती. पौर्णिमा नावाच्या नव्या अभियंता मॅडम आल्या होत्या. हे म्हातारं युनिट पूर्ण भारावर धरून ठेवणं पंजाबरावांशिवाय कुणाचं काम नाही, हे त्यांनी महिन्याभरात ओळखलं आणि यार्डातून त्यांना बोलावून घेतलं. पंजाबरावांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजची चाचणी पार पडली तर शेरा काढून टाकायची शिफारस मी स्वतः करीन." आणि नाही पडली तर तो डाग घेऊनच घरी जायचं, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

आता कंट्रोल रूममध्ये नवं मीटर होतं, भिंतीवर मोठा पडदा होता. तरी खालचा आकडा फोनवर घेऊन ताळा करायचा नियम कायम होता. फारुख पडद्याकडे पाठ करून वही घेऊन बसला. मॅडम मागे उभ्या.

नऊला सुरुवात झाली. "फारुखसाहेब, दोनशे एक." मग खोकला. दोन वर्षांच्या कोळशाच्या धुळीचा तो खोकला ऐकून फारुखला कसंसंच व्हायचं. "फारुखसाहेब, दोनशे तीन." अकरा वाजले, बारा वाजले. आकडा हलेना की डुलेना. पंधरा नोंदी झाल्या. आता एकच राहिली, आणि फारुखच्याही नकळत त्याचे ओठ दुआ पुटपुटत होते.

एक वाजता फोन खणखणला. पंजाबरावांचा आवाज आनंदाने फुटला होता.

"पावणेदोनशे!"

फारुख ओरडला, "या अल्ला! पडला, मॅडम! लोड पडला!" हातातल्या पेनाने सवयीने १७५ लिहूनही टाकले.

"कुठे पडला?" मॅडम म्हणाल्या. "फारुखभाई, मागे बघा. बरोबर दोनशे आहे. चार तासांत एकदाही खाली आलेला नाही."

फारुखने मान वळवली. पडद्यावर हिरवे आकडे होते, दोनशे. त्याने वहीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग फोनवर ओरडला, "काय म्हणाले तुमी? सबुरीनं सांगा!"

"अजी पावणे!" पंजाबराव हसत होते. "दोनशे! दोनशे म्हनलं ना! चार घंटे धरून ठेवलं तिले!"

फारुखच्या हातातून पेन गळालं. पाहुणे! वऱ्हाडी जीभ 'ह' गिळून टाकते आणि पाहुण्याचा पावणे करते, हे काय त्याला माहीत नव्हतं? जन्मभर तोही तसंच बोलत आला होता. पावणे, दोनशे एक. पावणे, दोनशे दोन. त्या दिवशी प्रत्येक आकड्याआधी पंजाबरावांनी त्याला हाकच मारली होती, आणि पुढे एक नाहीतर दोन असल्यामुळे घोळ झाला नव्हता. नवव्या नोंदीला मात्र काटा नेमका दोनशेवर होता. आपण विचारलं पावणेदोनशे, त्या माणसाला गडगडाटात ऐकू आलं, पावणे? दोनशे? आणि तो हसून हाव म्हणाला. आज दोन वर्षांनी आनंदाच्या भरात त्यांच्या तोंडून जुनी हाक निसटली, म्हणून हे कळलं. नाहीतर कधीच कळलं नसतं.

त्याने फोनवरच सगळं सांगून टाकलं. अडखळत सांगितलं, पण काही लपवलं नाही. शिव्या ऐकायच्या तयारीने तो थांबला.

"म्हंजे..." पंजाबराव म्हणाले, "तुमी खोटं नोते बोलले?"

"नाई. जे आयकलं तेच सांगतलं," फारुख म्हणाला.

"दोन वरीस मी घरी बायकोले, शकुनले इचारत राहिलो, का बाप्पा, गावच्या जावयानं आपल्याले काऊन बुडवलं? आपलं काय चुकलं त्याच्यासंग? यार्डाचं काई नाई वाटलं मले. ह्याचंच वाटे."

"चुकी माही हाय, काका," फारुख म्हणाला. हमिदाची ती हाक आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडी आली. "सगळी माही हाय."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "फारुखभाई, हे लेखी द्यावं लागेल. आता चौकशी तुमची होईल."

"देतो, मॅडम. आत्ताच देतो."

"आधी वहीतली शेवटची नोंद दुरुस्त करा. आकडा फोनवरून पुन्हा घ्या."

फारुखने १७५ वर रेघ मारली आणि बाजूला सही केली. फोन कानाला लावला. पलीकडे खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत तो थांबला.

"लिवा, पावणे," पंजाबराव म्हणाले. मग एकेक आकडा सुटा करून सांगितला. "दोन. शून्य. शून्य. आता आयकलं ना बराबर?"

पाल चुकचुकलेली ऐकणारा फारुख डोळे पुसत म्हणाला, "परत एकदा सांगा, काका."