आजीला कापायचं कुठून?

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. आणि मी झपाटलेला आहे, असं आमच्या घरात मानतात. मला स्वतःला तसं काही जाणवत नाही. पण झपाटलेल्याला ते सगळ्यात शेवटी कळतं म्हणे.

माझा जन्म विठ्ठलवाडीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आच कमी-जास्त करायचं बटण मला दिलंच नाही. प्लग लावला की मी तापतो, काढला की निवतो. मधलं मला काही येत नाही. डोंबिवलीच्या हेमाताईंनी मला स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून आणलं, तेव्हा त्यांचा सलिल शाळेतही जात नव्हता. दिवाळीला साऱ्या बिल्डिंगची नानकटाई माझ्या पोटातून गेली. दर वाढदिवसाला रव्याचा केक, त्यात जायफळ. "हेमाताई, असा केक बेकरीत मिळत नाही हो," असं लोक म्हणत. स्तुती त्यांची व्हायची, मी नुसता गरम व्हायचो.

मग घरात मायक्रोवेव्ह आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. नात सान्वीच्या वाढदिवसाला तेवढं हेमाताई मला खाली काढत. गेल्या हिवाळ्यात हेमाताई गेल्या.

दहाव्याला खडवलीला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मी तिथे नव्हतो; ही हकिगत मी माळ्यावरून ऐकली. "तुळशीला रोज पाणी घालू" सांगून झालं, "मामाशी भांडण मिटवतो" सांगून झालं. कावळा फांदीवर पंख साफ करत बसलेला. शेवटी सलिल रडत म्हणाला, "आई, सान्वीचा केक मी घरीच करीन गं. तुझ्याच ओव्हनमध्ये." कावळा झपकन खाली आला.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी सरळ बघत नाही. गारवा पडला की माझा पत्रा आकसतो आणि टक् वाजतो. हे विज्ञान आहे. पण घरच्यांना त्यात हेमाताई जास्त पटतात. माळ्याखालून जाताना जायफळाचा वास येतो, तो कुठून येतो ते मात्र मलाही ठाऊक नाही.

सान्वीचा वाढदिवस जवळ आला. "थीम काय हवी?" क्षिप्राने, म्हणजे सान्वीच्या आईने, विचारलं.

"आजी."

"आजी म्हणजे?"

"आजीच्या चेहऱ्याचा केक. चष्म्यासकट. मग ती येईल ना."

"अगं, युनिकॉर्न करूया. किती गोड असतो!"

"युनिकॉर्न मला ओळखत नाही," सान्वी म्हणाली.

सलिल इंजिनिअर आहे. तरी कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडला तर आई कुठेतरी अधांतरी लटकत राहील, ही भीती त्याला होतीच. आणि आता पोरगी वाट बघायला लागली होती.

रविवारी दुपारी मला खाली काढलं. प्लग लावला की माझ्या अंगातून जरा करंट येतो. हेमाताई लाकडी पाटावर उभ्या राहून मला हात लावायच्या. सलिलने फरशीवर उभं राहून लावला.

"आई गं!"

शॉक बसल्यावर माणूस हेच म्हणतो. पण त्या दिवशी ते म्हटल्यावर दोघांनीही आधी माळ्याकडे पाहिलं.

"बोलावलंस ना!" क्षिप्रा कुजबुजली.

"अगं, शॉक बसला."

"तेच म्हणतेय."

रेसिपीच्या व्हिडिओतली बाई 'एकशेऐंशी डिग्री' म्हणाली. दोघांनी माझ्या अंगावर डिग्री शोधली. मग जळका वास येईपर्यंत थांबायचं ठरलं, आणि तो आला.

चष्म्याला दोन कडबोळी लावली. अंबाड्याला बेसनाचा लाडू. हसताना हेमाताईंचा पुढचा एक दात दिसायचा, तो काजूचा. केक हेमाताईंसारखा मुळीच दिसत नव्हता. तरी त्याच्या समोरून जाताना क्षिप्राने ओढणी डोक्यावर घेतली.

संध्याकाळी पाहुणे आले. सान्वीची मैत्रीण रुचिता हिची आई आत आली. टेबलावर चेहरा, चेहऱ्यासमोर पेटती मेणबत्ती. तिने मुकाट्याने हात जोडले. मागून येणारा प्रत्येक जण हात जोडू लागला. कुणीतरी हळूच म्हणालं, "वय काय होतं?"

"आज सात पूर्ण," क्षिप्रा म्हणाली.

मग सुरी सलिलच्या हातात आली. "कापायचं कुठून रे?" क्षिप्राने विचारलं. सुरी कपाळावर गेली, गालावर आली, परत फिरली.

"सुरी नको. तिला लागेल," असं म्हणून सान्वीने हातानेच गाल तोडला आणि तोंडात टाकला. सगळे बघत होते.

"आली का तुझी आजी?" रुचिताने विचारलं.

सान्वी चावत राहिली. मग तिचा चेहरा पडला. "नाही. कडू आहे. आजीचा केक कडू नसतो."

सलिल ताट उचलून स्वयंपाकघरात आला. केक उलटा केला. खालचा थर काळा ठिक्कर. त्याने तो सुरीने खरवडला, आणि खरवड टाकवेना म्हणून ओट्याशी उभ्या उभ्या, दाराकडे पाठ करून, तोंडात टाकली. चावता चावता थांबला.

लहानपणी बाहेर सगळी पोरं केकवर तुटून पडलेली असायची आणि आई अशीच इथे पाठमोरी उभी असायची. "तुम्ही सुरू करा रे, मी आलेच." प्रत्येक वाढदिवसाला. माझा खालचा पत्रा केक करपवल्याशिवाय राहत नाही, मित्रांनो. तो थर एकट्या हेमाताई खायच्या.

सलिलने सगळं काळं संपवलं. मग उरलेला अर्धा गाल घेऊन तो बाहेर गेला. "आता बघ."

सान्वीने खाल्ला, डोळे मिटले.

"हां," ती म्हणाली. "आली."

सलिलचे दात काळे झाले होते. पोरं फिदीफिदी हसली.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू वापरून झाली की पुसून, कोरडी करून ठेवा. मला हात लावायचा तर पाटावर उभे राहा. आणि तुमच्या ताटात करपलेलं कधीच का येत नाही, हे आजच जेवताना घरात विचारा. उत्तर द्यायला माणूस समोर आहे तोवर.