खंडेनवमीच्या पेशी

यशश्री आणि कुशल यांच्यात दिवाळीपासून विस्तवही जात नव्हता. दोघेही पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, प्रयोगशाळा एक, आणि दुर्दैवाने पेशी वाढवायचा इन्क्युबेटरही एकच. वरची फळी तिची, खालची त्याची. त्याची पेशींची एखादी डिश चुकून वर आली, तर ती कपाळाला आठ्या घालून खाली सरकवायची. मार्चनंतर दोघांपैकी एकालाच मुदतवाढ मिळेल, हे प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या जनार्दनसरांनी सांगून टाकलं होतं. मग गोडीगुलाबी राहणार कुठून?

भांडणाचं मूळ होतं कुशलचा एक फोटो. पेशीचे निरोप एमआरएनए वाहून नेतो. पेशीवर संकट आलं, उष्णता म्हणा, विष म्हणा, की ती हे निरोप प्रथिनांत गुंडाळते, त्यांचे घट्ट पुंजके करून बाजूला ठेवते आणि संकट टळलं की पुन्हा मोकळे करते. कुशलने एक प्रथिन बदललेल्या पेशी घेतल्या आणि दाखवलं, की काहीही संकट नसताना त्यांत पुंजके होतात. सर हरखले. पडताळणी मात्र त्यांनी यशश्रीकडे सोपवली, आणि तिला ते पुंजके काही केल्या दिसेनात.

"फोटो बनावट आहे. कुशल खोटारडा आहे," ती भर बैठकीत म्हणाली.

"तुला जमत नाही ते बोल ने!" कुशल उसळला.

त्यानंतर दर बैठकीत ती तेच म्हणत राहिली. शेवटी सर वैतागले. "सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर कुशलने निकाल शिजवला असं मी वर कळवणार." म्हणजे कुशलचा कायमचा निकाल. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. यशश्रीला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. घरी जाताना तिने झणझणीत सेवउसळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडताना तिला आतल्या काचेच्या दारावर आतल्या बाजूने कुंकवाचं बोट दिसलं. रोजच दिसायचं, पण आज ती थबकली. सर दांडिया बाजारातल्या जुन्या सरदार घराण्यातले. त्यांच्या घरात पूर्वी खंडेनवमीला तलवारी पुजायचे, आता सर यंत्रं पुजतात. यंदा त्यांनी इन्क्युबेटरची दोन्ही दारं सताड उघडून आत धूप फिरवला होता आणि सगळ्यांचा फोटो निघेपर्यंत ती तशीच उघडी ठेवली होती. मग मंडळी फाफडा-जिलेबीवर तुटून पडली. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती असते, म्हणून कुशलने तुलनेसाठीच्या साध्या पेशींचं काम आदल्याच दिवशी उरकलं होतं. बदललेल्या पेशींचं राहिलं होतं, ते त्याने पूजा आटोपताच गुपचूप केलं. हे त्यानेच तिला मागे, बोलणं होतं तेव्हा, फुशारकीने सांगितलं होतं.

यशश्रीने साध्या पेशी घेतल्या, दारं उघडी टाकली, धूप फिरवला. मायक्रोस्कोपखाली पुंजकेच पुंजके.

तिला संताप आला. ज्याला हाकलायला ती टपली होती, तो चुकला होता, पण खोटं बोलला नव्हता. हे गिळून गप्प बसावं असं तिला वाटलं, फार वाटलं. पण घशाखाली उतरेना.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये, कुशलसमोरच, तिने त्याचा आणि आपला फोटो शेजारी शेजारी ठेवला. "सर, संकट होतं. पूजेचं."

सर लालबुंद झाले. "म्हणजे माझ्यामुळे? जगाला काय सांगू, धूप फिरवला म्हणून?" मग ते कुशलकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "कुशल, तू सांग. पूजा आपण बाहेरूनच केली होती, नाही का? यशश्री तेव्हा पेशींना विष देत होती. तिचीच एखादी डिश खाली तुझ्या फळीवर आली असेल."

कुशलने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. वारा कुठून वाहतोय ते त्याला कळलं.

"हो सर. दार उघडलंच नव्हतं. तिचीच डिश असणार."

"काचेच्या दारावर आतून तुमच्या बोटाचं कुंकू आहे, सर! चला, दाखवते!"

"तू बस. कुशल, जा, बघून ये."

तो उठला. ती त्याच्यामागे निघाली, पण सरांनी तिला दारातच अडवलं. तिचा निष्काळजीपणा, तिचा स्वभाव, मुदतवाढ आता विसर, असं बरंच ऐकवलं. ती सुटून धावत गेली तेव्हा इन्क्युबेटर उघडाच होता, खोलीभर स्पिरिटचा वास पसरला होता आणि कुशलच्या हातातला कागद लाल झाला होता.

"मी तुला वाचवायला आले होते," तिचा आवाज फुटला. "खोटारडा!"

कुशलने कागद कचऱ्यात टाकला.

"दिवाळीपासून तूच सांगत होतीस ने," तो म्हणाला. "आज झालो."