आपण म्हणजे कोण

ते

"तिघांची नावं नकोत, भाऊजी. एकाचंच घाला."

वहिनी कारखान्याच्या दारातच उभ्या होत्या. धाकट्याने छिन्नी खाली ठेवली. थडग्यांचे दगड घडवणं हा दोघा भावांचा धंदा. आज समोर वारलेल्या दादाचाच दगड होता. आईवडिलांच्या दगडावर 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' ही देवाची तिन्ही नावं दादानेच कोरली होती.

"दादा तसं म्हणाला?"

"म्हणाले."

"कधी?"

"शेवटी."

"तेव्हा खोलीत तुम्ही एकट्याच होतात."

वहिनी दगडाकडे बघत राहिल्या. धाकट्याने तेही मनात टिपलं.

आम्ही

एका नव्या प्रार्थनाघरात दादाला वहिनींनीच नेलं. देव एकच, त्रैक्य म्हणजे एका देवात तिघं ही मागाहून घातलेली भर, असं तिथं शिकवत.

"मग बायबलच्या सुरुवातीलाच देव 'आपण माणूस करू' म्हणाला, ते कोणाला?" धाकटा विचारायचा. "तिघं आपसात बोलले ना?"

"मोठी माणसं स्वतःलाही आपण म्हणतात," दादा सांगायचा. "मान असतो तो. आम्ही तसंच मानतो."

आम्ही. तोवर दादाच्या तोंडी कायम आपण असायचं. आपण जेवू. आपला धंदा. आपलं डोकं फिरलंय. आता आम्ही, आणि त्यात धाकटा नव्हता.

मग बायबलच्या भाकितातल्या पशूंची शिंगं मोजून त्या लोकांनी प्रभू परत येण्याचं वर्ष काढलं. "मला दगडबिगड नको," दादा म्हणाला. "प्रभू आला की थडग्यातून लगेच तर उठायचंय."

वर्ष उलटलं.

"काय रे दादा, येणं पुढं ढकललं वाटतं?"

दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत. धाकट्याचा त्यांच्यावरचा संशय तेव्हापासूनचा.

मी

"त्याचे नेमके शब्द सांगा, वहिनी."

"किती खोदून विचारता!"

"खोदण्यावरच पोट आहे."

वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"'दगड आपण करू.' एवढंच म्हणाले."

"त्याला तर दगड नको होता."

"म्हणून तर बोलले नाही कुणाला. शेवटी प्रभू येण्याची आशा सोडली यांनी, म्हणाले असते लोक." त्या थांबल्या. "आणि आपण म्हणजे कोण? खोलीत मी होते. मला वाटलं, मी आणि ते. तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी."

"आणि एकाचंच नाव घाला, हे?"

"ते माझं म्हणणं."

धाकटा त्यांना निरखत राहिला. हेही रचलेलं असेल. 'आपण' ऐकलं की भाऊजी विरघळणार, एवढं वहिनींना ठाऊक असणारच.

आपण

त्याने फक्त दादाचं नाव कोरलं. खाली देवाच्या नावासाठी एका ओळीची जागा घासून गुळगुळीत केली आणि तशीच सोडली.

दगड हातगाडीवर चढवायचा होता. त्याने एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला नेहमी दादा असायचा.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि त्या वाकल्या.

"बोटं सांभाळा," तो म्हणाला.

"उचला तुम्ही."

दगड तिरका वर आला.