चार वाजेपर्यंत

"बासष्ट नंबरच्या जर्सीवरचं नाव उसवा, मार्लीनबाई. त्या जागी हे." संघाचं सामानसुमान बघणाऱ्या ब्लेननं चिठ्ठी शिलाईयंत्राच्या फळीवर ठेवली आणि तो लगेच वळला.

मार्लीन डेरकाचनं चष्म्यावरून पाहिलं. "बासष्ट म्हणजे आपला गार्नेट."

"हो."

"त्याला सांगितलंय?"

"चार वाजता सांगतील, संघातून काढलंय म्हणून. मॅनेजरचं विमान तीनला उतरतंय. तोवर तोंड बंद ठेवायचं, असा वरून निरोप आहे. माझ्याकडे असं बघू नका, मी काय कोच आहे?"

कॅनडातल्या सास्काटूनचा बायसन हा फुटबॉल संघ त्या मोसमात तोवर दहापैकी नऊ सामने हरला होता. जिंकलेला एक, तोही वाऱ्याच्या कृपेनं. मोसम सुरू झाल्यापासून दर मंगळवारी कुणाचं तरी नाव उसवायचं आणि कुणाचं तरी शिवायचं, हेच चाललं होतं. स्टेडियमच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत मार्लीनला बावीस वर्षं झाली होती, पण एवढी नावं तिनं एका मोसमात कधी उसवली नव्हती. कुठून कुठून टेक्सास, अलाबामाकडून पोरं यायची आणि चेहरे ओळखीचे व्हायच्या आत जायची. त्यांची नावं काढताना तिचा हात थांबत नसे.

गार्नेट थीसन मात्र इथलाच, रोस्थर्नजवळच्या शेतावरचा. अकरा वर्षं तो एकाच जागी खेळत होता. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे भिंत होऊन उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. पेपरात त्याचं नाव यायचं ते भिंत फुटली की.

मार्लीननं पहिलं अक्षर उसवलं. मग उठली आणि कॉफी ओतून घेतली, पण प्यायली नाही. परत बसली. दुसरं अक्षर उसवताना सुई बोटात गेली. नवऱ्याला फोन करावा असं वाटलं, पण त्याला काय सांगणार? तो म्हणाला असता, तुला काय करायचंय, तू कपडे शिव. ती पुन्हा उठली, खिडकीशी गेली. बाहेर पार्किंगमध्ये वाऱ्यानं धूळ गरगरत होती.

एकच्या सुमाराला दार ढकलून गार्नेट स्वतःच आत आला. त्याच्या हातात सामन्याची विजार होती.

"मावशी, ही मागून फाटलीय. शनिवारी अख्ख्या गावाला माझं ढुंगण दिसायला नको. आधीच लोक काय कमी हसतायत?"

तिनं जर्सी पटकन मांडीवरून ओढून टॉवेलखाली सरकवली. "ठेव तिथं."

"काल पेट्रोल भरताना एक म्हातारा म्हणाला, पोरा, तुमच्यापेक्षा माझ्या गाई बऱ्या, निदान कुंपण तरी अडवून धरतात." तो स्वतःशीच हसला आणि भिंतीला टेकला. उजवा पाय त्यानं किंचित उचलून धरला होता. "शनिवारी बाबा येतायत. कापणी उरकली. या मोसमात त्यांनी एकही सामना पाहिलेला नाही. म्हणून दोन वाजता डॉक्टरकडे जातोय, गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला."

"परत? कितवं हे?"

"तिसरं. डॉक्टर म्हणतो, यानंतर आत काही शिल्लक राहील याची तो हमी देत नाही. पण बाबा येतायत ना. एक सामना निघेल."

डॉक्टरलाही कुणी कळवलेलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. तिनं विजार उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

"गार्नेट, ते इंजेक्शन आज घेऊ नकोस."

"का?"

तिनं टॉवेलची कडा आणखी पुढे ओढली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर टॉवेलवर गेली, चिठ्ठीवर गेली. त्यानं चिठ्ठी उचलली नाही. मान वाकडी करून नुसती वाचली.

"पाइक," तो म्हणाला. "इंग्रजीत चारच अक्षरं. माझी आठ होती. तुमचं काम निम्म्यावर आलं."

"बस जरा."

तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. उजवा पाय त्यानं सरळ पुढे ताणला.

"किती वाजता?"

"चार. मी सांगायला नको होतं. पण तो गुडघा..."

"कुणी मनाई केली होती?"

"ब्लेननं. म्हणजे वरून."

गार्नेट उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तिला वाटलं, आता हा सरळ वर जाणार, कुणाची तरी कॉलर धरणार. दारापर्यंत तो गेलाही. तिथं थांबला.

"आत्ता गेलो तर ते विचारतील, कुणी सांगितलं." तो तिच्याकडे पाठ करूनच बोलत होता. "तुम्ही विजार शिवा, मावशी. मी मीटिंगला जातो."

"मीटिंगला?"

"अडीचची आहे. न जाऊन कसं चालेल?"

पुढचं तिला नंतर कळलं. डॉक्टरला त्यानं सांगितलं, आज गुडघा बरा वाटतोय, राहू दे. मग दीड तास तो अंधाऱ्या खोलीत सगळ्यांबरोबर बसला आणि पडद्यावर मागच्या पराभवाची चित्रफीत बघत राहिला. शेजारच्या नवख्या खेळाडूला पाय कुठं रोवायचा ते त्यानं दोनदा दाखवलं. कोच काही म्हणाला तेव्हा वहीत लिहूनही घेतलं. चार वाजता निरोप आला तसा उठला.

पाचला ब्लेन तिच्या दारात उभा राहिला. "झालं. मला वाटलं होतं, खुर्ची फेकेल. तर हात मिळवून गेला. जसं काही ठाऊकच होतं त्याला." त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "मार्लीनबाई?"

"दोरा संपलाय पांढरा," मार्लीन मान वर न करता म्हणाली. "मागवून ठेवा."

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाला, तो पंधरावा पराभव. बर्फ भुरभुरत होतं, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. सामना संपल्यावर मार्लीन ओल्या जर्सी गोळा करायला मैदानाच्या कडेला आली, तेव्हा तिला वरच्या रांगेत गार्नेट दिसला. साधा शेतकऱ्याचा कोट घातलेला. शेजारी त्याच्याच बांध्याचा म्हातारा, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन.

लोक भराभर निघून गेले. ते दोघं बसून राहिले. मग गार्नेटनं बापाला हात देऊन उठवलं, घोंगडी झटकली, घडी घातली. रांगेत खाली कॉफीचे कागदी पेले पडले होते, कुणाकुणाचे. तो वाकून एकेक उचलत, एकात एक घालत रांगेच्या टोकापर्यंत गेला.