व्याह्याच्या हातचा खर्रा

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा आणि मग खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत बांधून तळहातावर घोटायचा आणि यजमानाने आपल्या हाताने पुढे करायचा. सरकारची त्यावर बंदी आहे. बंदी म्हणजे काय, तर पन्नी जरा टेबलाखाली धरून घोटायची. यजमानाच्या हातचा खर्रा नाकारला की त्या घराचा मान नाकारला, असे सगळे धरून चालतात.

माझा नवरा मारोती घाटंजीजवळच्या एका शाळेत शिपाई आहे. शाळा तंबाखूमुक्त करायचे ठरले आणि त्याच्या बिडीवर गदा आली. गडी हुशार. शाळेत असताना गालात खर्रा, फाटकाबाहेर पाऊल पडले की बिडी. कायदा धुराचा आहे, गालाचा नाही, असे उलट मलाच शिकवायचा. आधी एक व्यसन होते, कायदा पाळता पाळता दोन झाली. मी बोलून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मुलांचे दात तपासायला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मुख्याध्यापिका प्रेरणा मॅडमनी याला दंडाला धरून खुर्चीत बसवले. तोंड पुरते उघडेचना. खर्ऱ्याने गाल आतून ताठ झाले होते. एक सोडून दुसरे चालू ठेवले तर काहीच सुटले नाही, पुढे कॅन्सर व्हायला वेळ लागणार नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. मारोतीने दोन्ही सोडले. तेव्हा तो घरात मांजरावरही खेकसायचा, पण सोडले. मॅडमचे नाव निघाले की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

त्यानंतर आमच्या लेकीचे, खुशीचे लग्न जुळत आले. मुलगा राळेगावकडचा, कपिल. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केले होते, आता फक्त वडीलधाऱ्यांची बोलणी राहिली होती. कपिलचे वडील किसनराव मनाने मोकळे, पण मानापानाला कडक. थोरल्या मुलाची एक सोयरीक त्यांनी एवढ्या-तेवढ्यावरून मोडली होती, हे आम्ही ऐकून होतो. निघताना खुशी बापाला म्हणाली, बाबा, तिथे काही बोलू नका. तो काय बोलणार, आमच्या दोघांत मीच जास्त बोलते.

चहा झाला. किसनरावांनी मन लावून खर्रा घोटला आणि मारोतीपुढे धरला. घे म्हणावे तर नवऱ्याचे तोंड, नको म्हणावे तर पोरीचा संसार. मारोतीने दोन्ही हात जोडले.

"माफ करजा, पाव्हणे. मी सोडला."

"माह्या हातचाही नाही?"

"नाही."

किसनरावांचा हात तसाच पुढे राहिला आणि चेहरा उतरला. सोयरीक मोडलीच असे मी धरून चालले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने, विमलताईंनी, दारातून विचारले की सोडायचे कारण काय झाले. मारोतीने सगळे सांगितले. तिखट लागले की कशी आग व्हायची, भाकर वरणात कुस्करून कशी गिळावी लागायची, तेही सांगितले. विमलताई ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. त्यांच्या घरातही कित्येक दिवसांपासून तेच चालले होते. त्या नवऱ्याला वयाचे कारण देत होत्या आणि भाजीत मिरची कमी करत होत्या.

तोंड किती उघडते ते बघायला मारोतीने किसनरावांना तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. रागारागात त्यांनी घालून पाहिली. दोनच गेली, तीही कशीबशी. हसावे की रडावे कोणालाच कळेना. त्यांनी खर्रा पन्नीत गुंडाळून बाजूला ठेवला आणि लग्नाचा विषय त्या दिवशी कोणी काढलाच नाही.

दुसऱ्याच दिवशी मारोती त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेला. गालात आत एक चट्टा निघाला. तुकडा तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंत दोन्ही घरांत जेवण गोड लागले नाही. कॅन्सरच निघाला, पण नुकताच सुरू झाला होता. डॉक्टरांनी चट्टा कापून काढला आणि वेळेवर आलात म्हणाले. तंबाखूला पुन्हा हात लावायचा नाही, असेही बजावले. मी देवापुढे साखर ठेवली आणि ढसाढसा रडले.

लग्न उन्हाळ्यात झाले. मांडवाच्या दारात व्याह्यांची भेट होती. आमच्यात मुलीच्या बापाने वाकायचे असते, म्हणून मारोती वाकायला लागला. किसनरावांनी त्याला खांद्याला धरून थांबवले आणि भरल्या मांडवात स्वतःच त्याच्या पायावर डोके ठेवले. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले.

"उठा न, लोकं पाह्यून राह्यले," मारोती कसाबसा म्हणाला.

"पाहू द्या," किसनराव म्हणाले. "तुमी त्या दिवशी माहा मान ठेवला असता, त मी आज या मांडवात नसतो."